तटस्थ

मराठीत ‘तटस्थ’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याच्या पोटात पाणी आहे याचे भान आपल्याला राहत नाही. तट म्हणजे काठ. काठावर उभा राहिलेला तो तटस्थ. प्रवाहात कोणी पोहत असो वा बुडत असो, याचे पाय कोरडे. वादात न पडणाऱ्या गृहस्थाला आपण तटस्थ म्हणतो, पंचाने तटस्थ असावे असे म्हणतो, आणि दोन महासत्तांपैकी कोणाचीच कास न धरणाऱ्या राष्ट्रांनाही एके काळी याच शब्दाने ओळखत असू. परंतु जुन्या मराठीत या शब्दाची आणखी एक छटा आहे. एखादे अद्भुत पाहून ज्याचे भान हरपले, जो जागच्या जागी खिळून राहिला, तोही तटस्थच. अलिप्तता आणि तन्मयता या दोन परस्परविरोधी वृत्तींना आपल्या भाषेने एकाच काठावर उभे केले आहे. भाडे भरून समुद्रकिनारा पाहावयास जाणारा आजचा पर्यटक या दोहोंपैकी कोणत्या अर्थाने तटस्थ असतो, आणि त्या अर्थाने तटस्थ राहण्याचा त्याला अधिकार आहे काय, या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे आमच्या मनात आहे.

प्रश्न पुस्तकातून सुचलेला नाही. आम्ही अड्यारला राहतो आणि बेझंटनगरातील केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. चेन्नईत मराठी माणसाचे घर म्हणजे आप्तेष्टांची धर्मशाळा, हे या पानांच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. रामेश्वर, तिरुपती आणि डोळ्यांचे शस्त्रकर्म या तीन कारणांनी पाहुण्यांचा ओघ बारमाही चालू असतो. गेल्या पोंगलच्या सुट्टीत नागपूरहून आमचे वडीलबंधू सहकुटुंब आले. त्यांच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. तेव्हा एका सहल-संस्थेच्या बसमध्ये आम्ही सर्वांची आसने राखून ठेवली. सकाळी साडेसहाला अड्यारहून निघावयाचे, किनाऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे मामल्लपुरम आणि त्याही पलीकडे जावयाचे, आणि रात्री नऊच्या सुमारास परतावयाचे, असा कार्यक्रम होता. हातात दिलेल्या कागदावर थांब्यांची नावे आणि त्यांच्यापुढे मिनिटे छापली होती: अमुक देऊळ पंचेचाळीस मिनिटे, तमुक किल्ला वीस मिनिटे, ‘समुद्रदर्शन’ पंधरा मिनिटे. मामल्लपुरमच्या पुढच्या टापूला त्या कागदाने ‘दूरचा, अस्पर्श किनारा’ असे विशेषण बहाल केले होते. दूरचा म्हणजे कोणापासून दूरचा, हे तेथे लिहिलेले नव्हते. ज्याची होडी रोज पहाटे तेथूनच पाण्यात लोटली जाते त्याला तो किनारा दूरचा नसतो. त्याच्या दृष्टीने अड्यार दूर आहे, आणि नागपूर तर जगाच्या टोकाला.

मार्गदर्शक तिशीच्या आतला, हुशार आणि अत्यंत आर्जवी असा तरुण होता. प्रत्येक गोष्ट तो तीन भाषांत सांगे: प्रथम तामिळ, मग इंग्रजी, मग हिंदी. त्या त्या भाषेबरोबर गोष्टही थोडी बदले, हे तिन्ही भाषा समजणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नसे. मामल्लपुरमच्या पाच रथांपाशी त्याने इंग्रजीत पल्लव राजांचा काल सांगितला, एकेक रथ अखंड पाषाणातून वरून खाली कसा कोरीत आणला ते सांगितले, आणि काम अपुरे राहिल्याचेही सांगितले. हिंदीत मात्र त्याने थेट पांडवांना वनवासातून तेथे आणून उतरवले. वस्तुतः त्या रथांचा पांडवांशी काही संबंध नाही. द्रौपदीचा म्हणून जो दाखवतात तो दुर्गेचा. परंतु आपण मराठी लोकांनी याबद्दल फारसे नाक मुरडू नये. नाशिकची बौद्ध लेणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पांडवलेणी म्हणूनच पाहत आलो आहोत. भीमाच्या नावावर एखादी शिळा चढवल्याने पल्लवांच्या शिल्पींचे आता काही बिघडत नाही. असत्य तेही असते. पण त्याने दुखावला जाणारा कोणी समोर उभा नसतो.

मामल्लपुरमच्या आधी शाळुवनकुप्पम येथे एक थांबा होता. तेथे ‘व्याघ्रगुहा’ म्हणून ओळखला जाणारा कोरीव खडक आहे, आणि त्याच्याजवळच वाळूतून वर काढलेले सुब्रह्मण्याचे एक प्राचीन देऊळ. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी सुनामीच्या लाटा या किनाऱ्यावर आल्या. त्या ओसरल्यानंतर तेथील वाळू हलून एका खडकावरील लेख उघडा पडला. त्या लेखात या देवळाचा उल्लेख होता. त्यावरून २००५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा ग्रॅनाइटच्या पल्लवकालीन देवळाच्या खाली विटांचे आणखी जुने देऊळ सापडले. ते जुने देऊळही कोणे एके काळी समुद्रानेच गिळले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. येथील एका नवव्या शतकातील लेखात कार्तिकातल्या दीपोत्सवासाठी कोणा एका भक्ताने दहा कळंजु सोने दिल्याची नोंद आहे. हे सारे इतके विलक्षण आहे, की येथे पाऊण तास थांबले तरी पुरे पडू नये. आमच्या कागदावर या स्थळाला पंधरा मिनिटे होती. मार्गदर्शकाने ती बेताने वापरली आणि शेवटी तिन्ही भाषांत एकच वाक्य सांगितले: सुनामी आली म्हणून हे देऊळ आपल्याला मिळाले. आमच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ संतोषाने म्हणाले, “म्हणजे वाईटातून काही चांगलेच झाले म्हणायचे!”

त्या लाटांत तामिळनाडूमध्ये सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील कितीतरी किनाऱ्यावरच्या कुप्पमांतील, म्हणजे कोळीवाड्यांतील. ‘आपल्याला मिळाले’ या शब्दांतील ‘आपण’ कोण? जे गेले ते या ‘आपण’मध्ये नव्हते, आणि ज्यांचे कोणी गेले तेही नव्हते. बसमध्ये बसून आलेले आम्ही चाळीसजण तेवढे होतो. मार्गदर्शकाचे वाक्य खोटे नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. पांडवांची गोष्ट खोटी असूनही निरुपद्रवी होती. हे वाक्य खरे असूनही कानाला टोचले. तेव्हा सहलीतील नीतीचा प्रश्न केवळ खऱ्या-खोट्या माहितीचा नाही, एवढे तरी त्या पंधरा मिनिटांत आम्हांला उमगले.

दुपारी जेवण झाल्यावर बस सद्रासचा डच किल्ला मागे टाकून आलंपराईच्या दिशेने निघाली. वाटेत ‘समुद्रदर्शना’ची पंधरा मिनिटे होती. त्या गावाचे नाव मुद्दामच देत नाही. उतारावर फायबरच्या रंगीत होड्या ओढून ठेवलेल्या, निळ्या जाळ्यांचे ढीग पडलेले, आणि वाळूवर जुनी जाळी अंथरून त्यांवर मासळी सुकत घातलेली. वासाने काही मंडळींनी नाकाला रुमाल लावले, आणि त्याच हातांनी दूरध्वनी वर करून छायाचित्रे घेतली. सुकत्या मासळीवरून कावळे हाकीत एक वृद्ध स्त्री बसली होती. सुरकुतलेला चेहरा, कपाळावर विभूती, मागे समुद्र. चित्रच ते. तिघे-चौघे तिच्याभोवती उभे राहिले. एक गृहस्थ तर, प्रकाश नीट पडावा म्हणून, तिने थोडे वळावे असे हाताने खुणावू लागले.

ती वळली नाही. तिने तामिळमध्ये विचारले, “हे फोटो नेऊन तुम्ही काय करणार?” आवाजात राग नव्हता. बाजारात एखादी नवी वस्तू दिसली म्हणजे ती कशासाठी वापरतात असे आपण विचारतो, तसे विचारले.

त्या गृहस्थांनी मार्गदर्शकाकडे पाहिले. तो हसून हिंदीत म्हणाला, “पैसे मागते आहे.” लगेच एक दहाची नोट पुढे झाली.

आम्हांला या शहरात दहा वर्षांहून अधिक काळ झाला आहे. भाजीवाली, घरमालक आणि कचेरीतील शिपाई या तीन गुरूंनी आम्हांला कामापुरते तामिळ शिकवले आहे. बाईने पैसे मागितलेले नाहीत, तिने अमुक विचारले आहे, असे आम्ही त्या गृहस्थांना सांगितले. ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, “असे का? असू द्या, गरीब आहे,” आणि नोट जाळ्यावर ठेवून बसकडे चालू लागले. वाऱ्याने ती उडू नये म्हणून बाईने तिच्यावर एक शिंपला ठेवला. प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला.

पुढच्या वाटेवर आम्ही मार्गदर्शकापाशी हा विषय काढला. तो ओशाळला नाही, आणि त्याने तसे व्हावे अशी आमची अपेक्षाही नव्हती. त्याने सरळ सांगितले, “सर, तिचा प्रश्न मी जसाच्या तसा सांगितला असता तर त्यांना उत्तर देता आले नसते. लोक खट्टू होतात. संध्याकाळी उतरताना जे काही हातावर ठेवतात त्यावर माझे घर चालते.” त्याला रोजावर नेमलेले आहे, आणि ज्या दिवशी सहल नाही त्या दिवशी मजुरी नाही. हे ऐकल्यावर त्याच्यावर रागावणे कठीणच. पण त्याने नेमके काय केले होते ते पाहण्यासारखे आहे. त्याने एका प्रश्नाचे मागणीत भाषांतर केले. मागणी असली की ती फेडता येते, दहा रुपयांत फेडता येते, आणि फेडणाऱ्याला वर थोडे पुण्यही लाभते. प्रश्न असा फेडता येत नाही. त्याला उत्तरच द्यावे लागते.

आमचे बंधू विचारी गृहस्थ आहेत. रात्री गच्चीवर बसून त्यांनी या साऱ्यावर जो आक्षेप घेतला तो येथे प्रामाणिकपणे नमूद करणे अवश्य आहे. ते म्हणाले, “तू उगाच मनाला लावून घेतोस. वर्षाकाठी एक दिवस माणूस घराबाहेर पडतो. प्रत्येक किनाऱ्यावर कोणी ना कोणी बुडालेले आहे, प्रत्येक किल्ल्यावर कोणाचे तरी रक्त सांडलेले आहे. त्या सर्वांचा हिशेब मनाशी मांडीत बसलो तर माणसाने घराचा उंबराच ओलांडू नये. शिवाय तुझ्यासारखे हळवे लोक जायचे थांबले तर त्या शहाळेवाल्याने आणि त्या मार्गदर्शकाने खायचे काय?” हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अपराधी मनाने केलेली सहल ही न केलेल्या सहलीपेक्षा कोणाच्याही अधिक उपयोगाची नसते, आणि स्वतःच्या टोचणीचा अभिमान वाहणारा पर्यटक हा तर निव्वळ मौज करणाऱ्यापेक्षाही असह्य.

आणि तटस्थतेची निंदा करण्यापूर्वी आम्हांला स्वतःच्या अन्नाकडेही पाहिले पाहिजे. तटस्थता हा आमच्या नोकरीचा धर्म आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांनी राजकारणापासून अंतर राखण्याचे जे बंधन घातले आहे ते तर आहेच. पण टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदाशीही एक प्रकारची अलिप्तता राखावी लागते. अर्जदाराच्या दुःखाने विरघळून जो कारकून एकाचे देयक नियमाबाहेर मंजूर करतो, तो रांगेतल्या दुसऱ्या, न बोलणाऱ्या अर्जदारावर अन्याय करतो. अशी तटस्थता सद्गुणच होय. तथापि तिच्यात आणि बसमधल्या तटस्थतेत एक भेद आहे. कचेरीतील तटस्थाला अर्ज वाचावाच लागतो. त्यात लिहिलेल्या प्रश्नाचे त्याला मागणीत रूपांतर करता येत नाही. उत्तर नकाराचे असले तरी ते लेखी द्यावे लागते. तो काठावर उभा असतो तो पलीकडचे नीट ऐकू यावे म्हणून.

काठावर उभे राहण्याचे सुख फार जुने आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात होऊन गेलेल्या ल्युक्रीशियस या रोमन कवीने आपल्या तत्त्वकाव्यात, खवळलेल्या समुद्रावरील दुसऱ्याचे हाल जमिनीवरून पाहण्यात गोडी का वाटते याचा विचार केला आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा आनंद होतो असे त्याचे म्हणणे नाही; आपण त्यात नाही, याची जाणीव गोड लागते, एवढेच. आपल्यातीलच एक उदाहरण द्यावयाचे तर याच किनाऱ्यावर, पुष्कळ दक्षिणेला, तंजावरच्या सरफोजी महाराजांनी उभारलेला मनोरा आहे. आठ मजली, समुद्राच्या काठी, आणि निमित्त काय, तर इंग्रजांचा विजय आणि नेपोलियनचा पाडाव! साल १८१४. ज्या राजाच्या हातून १७९९ सालीच राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतला होता, त्याने हजारो कोसांवरील एका बादशहाचे तारू फुटल्याचा उत्सव मनोरा बांधून करावा, यातील कारुण्य आम्हांला त्या मनोऱ्याचे चित्र पाहताना दर वेळी जाणवते. सरफोजी विद्वान होता, ग्रंथप्रेमी होता, त्याने आणि त्याच्या घराण्याने रामेश्वरच्या यात्रामार्गावर अन्नछत्रे चालवली, जेथे कोणत्याही जातीच्या वाटसरूला जेवू घालीत आणि आजाऱ्याची शुश्रूषा करीत. म्हणजे एकाच माणसाच्या हातून एकाच किनाऱ्यावर काठावरचे सुखही घडले आणि वाटसरूचे दुःख जाणून घेण्याचे कामही. माणसे अशीच असतात.

मात्र काठ आणि पाणी यांतील अंतर काही वेळा एका उडीचे असते. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, इलियट्स बीचवर, एक पांढरी कमान आहे. संध्याकाळी तिच्या सावलीत मुले पतंग उडवतात आणि जोडपी छायाचित्रे काढतात. ती कार्ल श्मिट या डेन्मार्कच्या खलाशाची स्मृती आहे. ३० डिसेंबर १९३० रोजी या ठिकाणी बुडणाऱ्यांना वाचवताना तो स्वतः बुडाला. तो तर या किनाऱ्याचा परकाच होता, आजच्या भाषेत पर्यटकच म्हणा ना. त्या क्षणी पाहणे आणि पाण्यात शिरणे यांमध्ये त्याला सवडच ठेवलेली नव्हती, किंवा त्याने ती घेतली नाही. परंतु श्मिटचा आदर्श पुढे करून बसमधल्या चाळीस माणसांचा न्याय करणे गैर होईल. डोळ्यांदेखत कोणी बुडत असते तेव्हा कर्तव्य स्पष्ट असते. आमच्या सहलीत कोणी बुडत नव्हते. एक बाई मासळी राखीत बसली होती. तिला कोणी वाचवावयाचे नव्हते. तिने एक प्रश्न विचारला होता, इतकेच.

वेदान्तात वस्तू ओळखण्याची दोन लक्षणे सांगितली आहेत: स्वरूपलक्षण आणि, योगायोगाने पाहा, तटस्थलक्षण. देवदत्ताचे घर कोणते? तर ज्यावर कावळा बसला आहे ते. ओळख पटण्यापुरते हे पुरेसे आहे. पण कावळा हा घराचा भाग नव्हे, तो उडून गेला तरी घर राहते. सहलीत आपण सारे जग अशा कावळ्यांवरून ओळखतो. सुनामी आलेले गाव, फ्रेंचांचा किल्ला, मासळीवाली म्हातारी. त्यात चूक काही नाही. एका दिवसात घराचे स्वरूप कोणाला कळणार? दोष घडतो तो कावळ्यालाच घर मानल्याने. शास्त्रकारांनी द्रष्टा आणि दृश्य यांचाही असाच विवेक केलेला आहे. त्यातील सिद्धान्ताच्या खोलात आम्ही शिरत नाही, पण त्या दुपारी वाळूवर जे घडले त्याला याहून नेमके शब्द आम्हांला सुचत नाहीत. बाईने तोंड उघडले त्या क्षणी ती दृश्य राहिली नाही. ती द्रष्टी झाली, आणि हातात दूरध्वनी घेतलेले आम्ही तिचे दृश्य झालो. रायगडाच्या तटावर उभे राहिल्यावर असे होत नाही, कारण तेथील मावळा उलट पाहत नाही. बंधूंच्या आक्षेपाला आमचे उत्तर एवढेच आहे.

दृश्य होणे म्हणजे काय याचा अनुभव आम्हांला आहे. २०१५ सालच्या डिसेंबरच्या आरंभी अड्यार नदीला पूर आला तेव्हा आम्ही कोट्टूरपुरमजवळ तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. पाणी उतरल्यावर सगळा संसार रस्त्यावर वाळत घातला होता: गाद्या, लग्नातले अल्बम, फुगून दुप्पट झालेली ज्ञानेश्वरी. दोन-तीन दिवस मोटारी हळू करून लोक पाहत जात, काही उतरून छायाचित्रे घेत. ती कोठे गेली कोण जाणे! त्या गर्दीतील एका वयस्क गृहस्थांची आठवण मात्र अजून आहे. ते पायी आले. त्यांनी काही दिले नाही, काही घेतलेही नाही. पाणी कोणत्या वेळी शिरले, किती वर चढले, असे विचारले. आमच्या सौभाग्यवतीने भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली, तिच्याकडे ते पुष्कळ वेळ पाहत राहिले, आणि “कोणी घरात होते का?” असे विचारून, उत्तर ऐकून, निघून गेले. तेही काठावरचेच. पण त्या तीन प्रश्नांनी आम्ही दृश्यातून पुन्हा माणसांत आलो. त्या आठवड्यात आम्हांला तांदूळ, चादरी, औषधे देणारी पुष्कळ चांगली माणसे भेटली, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. तरीही या गृहस्थांचे ऋण निराळ्या वहीत मांडावे लागते.

यावरून आमची समजूत अशी झाली आहे, की पर्यटकाकडून जे देणे आहे ते पैशाचे नाही आणि अश्रूंचे तर नाहीच. ज्याच्याकडे आपण पाहतो त्याने उलट पाहिले, बोलला, विचारले, तर ते त्याच्या शब्दांत आपल्यापर्यंत येऊ देणे, आणि उत्तर असेल तर देणे, एवढे ते आहे. हे थोडे वाटेल, पण बसच्या वेळापत्रकात नेमकी याच गोष्टीला जागा नसते, आणि मार्गदर्शकाच्या रोजीरोटीची गाठ ती जागा न ठेवण्याशीच बांधलेली असते. सरकार आम्हांला ठरावीक वर्षांनी प्रवास-सवलत देते. तिच्या देयकाला तिकीट जोडावे लागते, काय पाहिले आणि कोणी काय विचारले याचा दाखला कोणी मागत नाही. मागू नयेच. पण भाडे चुकते केल्याची पावती म्हणजे सर्व खाती चुकती झाल्याची पावती, असा जो समज त्यातून नकळत रुजतो तो खरा नव्हे.

आमच्या शेजारच्या ऊरूर-ऑल्कॉट कुप्पममध्ये २०१५ सालापासून एक कलामहोत्सव सुरू झाला. सभागृहांत बसून ऐकावयाचे कर्नाटक संगीत कोळीवाड्याच्या अंगणात गायले गेले, आणि ज्यांनी दहा पावलांवरचा तो कोळीवाडा कधी पाहिला नव्हता अशी शहरातील माणसे तेथे येऊन बसली. हेही एक नवे दृश्यच झाले नाही ना, अशी शंका आमच्या मनात येते आणि ती अगदीच अनाठायी नसावी. तथापि तेथे निदान येणारा आणि राहणारा एकाच चटईवर बसतात, आणि कार्यक्रम संपल्यावर कोण कोणाकडे का आले याविषयी दोन शब्द बोलण्यास सवड असते. बसला ती सवड नसते. पण नागपूरहून आलेल्या मुलांना किनारा दाखवावयाचा तर बसच लागते, हेही तितकेच खरे.

येत्या दिवाळीत सौभाग्यवतीच्या माहेरची मंडळी इंदूरहून येणार आहेत, आणि त्यांनी किनाऱ्याच्या सहलीचे आतापासून विचारले आहे. आसने राखण्यासाठी आम्ही त्याच सहल-संस्थेत गेलो होतो. तेथे तोच तरुण भेटला. त्याने ओळख दिली. शाळुवनकुप्पमला दहा कळंजु सोन्याचा तो लेख काय सांगतो तेही लोकांना सांगावे, आणि त्या लाटेत या किनाऱ्यावर माणसे गेली हे देवळाच्या आधी सांगावे, असे आम्ही त्याला सुचवले. तो विचारात पडला. वाद घातला नाही. म्हणाला, “त्याला पाच मिनिटे जास्त लागतील, सर. ती मी समुद्रदर्शनातून काढू, की जेवणातून?”